कपाटाला पाठ लावून

६ फेब्रुवारी

दाजी,

नमस्कार आधीच घेऊन टाका. पुढचं वाचलंत की माळ्यावरचे ड्रम काढायला धावाल आणि नमस्कार तसाच राहील.

आपलं जुनं सभागृह नऊ वर्षांच्या दुरुस्तीनंतर उघडतंय. तिथले व्यवस्थापक चष्म्याची काडी बसवून घ्यायला माझ्या दुकानात आले होते. मला बराच वेळ निरखून त्यांनी विचारलं, ज्यांच्या कार्यक्रमात छताचा तुकडा पडला ते तिघे तुम्हीच ना. मी नम्रपणे हो म्हटलं. जुन्या सभागृहात वाजवलेल्या सगळ्यांना त्यांना एकेकदा बोलवायचंय. आपल्या वाट्याला एकोणीस एप्रिल आलाय, रविवार, संध्याकाळी पाच वाजता, पाऊण तास. बेसवर मास्तर आहेतच. निवृत्त झाल्यापासून त्यांचं बीजगणित सुटलं, बेस काही सुटलेला नाही.

अट एकच. रंगमंचावर ॲम्प्लिफायर नाही. भिंतीवर एक पेटी बसवली आहे, तिला हिरवा आणि लाल असे दोन दिवे. रंगमंचावर आवाज मर्यादेपुढे गेला की लाल लागतो, आणि पाच सेकंदांत सगळ्या इमारतीची वीज आपोआप जाते. म्हणून तुमच्यासाठी सभागृहाचे वायर जोडलेले रबराचे ड्रम असतील, आणि माझ्याकडे साबणाच्या डबीएवढं यंत्र आहे. आपल्या कपाटाचा, म्हणजे माझ्या त्या थोरल्या ॲम्पचा, जो आवाज होता तो हुबेहूब त्या डबीतून निघतो आणि वायरीतून थेट प्रेक्षकांच्या स्पीकरला जातो. आपण तिघांनी कानात बोंडं घालायची, त्यात आपलं आपल्याला ऐकू येतं. बाकी रंगमंचावर चिडीचूप.

दाजी, गिटारवाल्याला आता मोठ्या ॲम्पची गरज उरलेली नाही हे मी आनंदाने कबूल करतो. छातीइतकं उंच कपाट चार माणसांनी जिन्यावरून उतरवायचं, आणि पाठ मात्र माझीच धरायची. सध्या ते आतल्या खोलीत आहे. आमची ही त्यावर कपडे इस्त्री करते, उंची अगदी बरोबर येते म्हणते.

तुम्हाला सहा वेळा फोन केला. उचलायचा नसेल तर ठेवता कशाला? ताईला विचारलं तर म्हणाली, पत्र पाठव, त्यांना पत्र आवडतं. आणि तेच पुन्हा म्हणाली. तिला हल्ली सगळं दोनदा बोलायची सवय लागलीय, लक्ष असू द्या.

तुमचा,
बारक्या


१४ फेब्रुवारी

बारक्या,

चोपन्न वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणताना जीभ अडखळायला हवी, पण अडखळत नाही. बायकोचा धाकटा भाऊ तो धाकटाच. आशीर्वाद.

तारीख मान्य. मास्तर मान्य. साबणाची डबी मान्य नाही.

कारणं सांगतो. एक तर लोक गिटार बघायला येतात, वायर बघायला नाही. दुसरं, रबरावर मारणं हा ड्रमचा अपमान आहे, रबराचाही असेल. तिसरं, कानात बोंडं घालून वाजवणारी तीन माणसं एकमेकांवर रागावल्यासारखी दिसतात. माझ्याकडे आणखी कारणं आहेत, पण एवढी पुरेत.

कपाट आण. पूर्वीसारखं माझ्या मागे दोन हातांवर ठेव, तोंड माझ्या कमरेकडे. थोडंही तिरकं नको. तसं जमत असेल तर मी येतो, नसेल तर तुझं आणि डबीचं चालू दे.

इकडची बातमी म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयात मला प्रमाणपत्र मिळालं. तक्रार खिडकीवर बारा वर्षं बसतोय, एकही तक्रारदार वर साहेबांकडे गेला नाही म्हणून. त्यावर 'उत्कृष्ट श्रोता' असं छापलंय. तुझ्या ताईने ते भिंतीवर लावलं आणि बराच वेळ तोंडाला पदर लावून उभी होती. तिला भरून आलं असावं.

फोनवर माझा विश्वास नाही. फोन हे घाईच्या माणसाचं काम.

दाजी


२ मार्च

दाजी,

तुमची कारणं मास्तरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, तिन्ही चूक आहेत, पण मांडणी चांगली आहे.

हट्ट मला समजतो. मीही आधी नाकं मुरडली होती. पण आठ दिवस डबीवर वाजवतोय आणि खरं सांगतो, डोळे मिटले तर मलाच फरक कळत नाही. शेजारी पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलले. तेव्हा वाद घालण्यापेक्षा परीक्षाच घेऊ. तेच गाणं मी दोनदा वाजवून ताईच्या फोनवर पाठवलंय. एका तुकड्यात डबी आहे, दुसऱ्यात कपाट. कुठलं कोणतं ते सांगत नाही. तुम्ही शांतपणे ऐका आणि लिहा. ओळखता आलं नाही तर डबीवर यायचं, वचन द्या. तुमच्या कानाइतका भरवसा माझा कुणाच्याच कानावर नाही.

बारक्या


९ मार्च

बारक्या,

फोन आतल्या खोलीत नेला, दार लावलं आणि दोन्ही तुकडे तीन-तीन वेळा ऐकले.

पहिला तुकडा म्हणजे डबी. आवाज पातळ, अळणी. वाजवतोस बरा, पण मन नाही. दुसरा मात्र कपाटच. त्यात वजन आहे, दम आहे, सुरुवातीला जरा बिचकलास पण मधे मोकळा झालास. शेवटी तर तू हळवा झालास, मला ते जाणवलं. इतक्या वर्षांत तू इतकं चांगलं क्वचित वाजवलंस.

आता परीक्षा झाली. कपाट आण.

दाजी


१३ मार्च

दाजी,

हे पत्र मी दोनदा फाडलं, आता तिसऱ्यांदा लिहितोय.

पहिल्या तुकड्यात डबीच होती, ते बरोबर. दुसऱ्यात कपाट नाही. माझ्या हातून घाईत भलतंच पाठवलं गेलं, ते मला काल ताईचा फोन आल्यावर कळलं. दुसऱ्या तुकड्यात आमची ही आणि नळ दुरुस्त करणारा बोलतायत. वरचा नळ गळतो, खालचा गळत नाही, मग वरचा बंद केला की खालचा का गळतो, असं चार मिनिटं चाललंय. सुरुवातीला बिचकलो म्हणता तिथे नळवाल्याचा पाना पडलाय. शेवटी मी हळवा झालो म्हणता तिथे नळवाला शिंकलाय.

तुम्ही ऐकलंच नाहीत. ऐकायचं नव्हतं तर तसं लिहायचं, मी काही रुसलो नसतो. पण न ऐकता इतकं गोड लिहिता येतं तुम्हाला, हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं कार्यक्रम संपला की तुम्ही काड्या पिशवीत टाकत "बरं झालं आज" म्हणायचात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, मी कधी मनावर घेतलं नाही. तुमच्या त्या तीन शब्दांसाठी मी वाजवत होतो. आता वाटतं, तेही असंच होतं की काय. नळवाल्याचं आणि माझं एकच.

मास्तरांच्या ओळखीचे एक दंतवैद्य ड्रम वाजवतात. रबराच्या ड्रमवर ते खूश आहेत. मी त्यांना विचारून ठेवलंय.

बारक्या


२० मार्च

बारक्या,

मला ऐकू येत नाही.

वाक्य लिहायला सोपं निघालं. एकोणीस वर्षं उगाच घाबरलो.

आधी कुकरची शिट्टी गेली, तिचं मला काही वाटलं नाही. मग दारावरची घंटा. मग मास्तरांचा बेस, तोही फारसा जाणवला नाही, त्यांना सांगू नकोस. सगळ्यांत शेवटी तुझी गिटार गेली. एका कार्यक्रमात मधेच ती ऐकू येईनाशी झाली, मला वाटलं तुझी तार तुटली. वळून बघितलं तर तू वाजवत होतास.

पण त्याच दिवशी कळलं की कपाट पाठीला लागतंय. तू खालचे स्वर घेतलेस की कमरेत ढकलल्यासारखं व्हायचं, वरचे घेतलेस की शर्टाच्या कॉलरशी. तुझं अख्खं वाजवणं मला पाठीवर समजायचं. त्यानंतरची दहा वर्षं, बँड बंद पडेपर्यंत, मी तसंच वाजवलं. एकदाही ताल चुकला नाही, मास्तरांना विचार. म्हणून कपाट दोन हातांवर हवं, म्हणून तोंड कमरेकडे हवं. कानातल्या बोंडांचं मी काय करू?

आता तुझ्या प्रश्नाचं. पहिली सोळा वर्षं मी तुला कानांनी ऐकलं आणि नंतरची दहा पाठीने. "बरं झालं आज" हे दर वेळी खरंच म्हणालो. ज्या दिवशी बरं झालं नव्हतं त्या दिवशी मी नुसताच काड्या पिशवीत टाकायचो, आठवून बघ. खोटं फक्त त्या नळवाल्याबद्दल लिहिलं, आणि ते भीतीने लिहिलं.

दोन विनंत्या आहेत. ऑफिसात कळता कामा नये, खिडकी जाईल. आणि ताईला सांगू नकोस. मी लक्ष देत नाही एवढंच तिला वाटतं, ते तसंच असू दे. बिचारी हल्ली सगळं दोनदा बोलते, वय झालं तिचं.

दंतवैद्य चांगले असतील तर घ्या. मी रागावणार नाही. वाईट मात्र वाटेल, ते लपवत नाही.

दाजी


२० मार्च

बारक्या,

ह्यांनी आज चार कागद लिहिले आणि पाकीट माझ्यापासून लपवून चिकटवलं, म्हणजे तुला सांगितलेलं दिसतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, तेव्हा तोंड बंद ठेव.

ऑफिसातही सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या साहेबांनीच मला बोलावून विचारलं होतं. मी म्हटलं, खिडकी बदलणार का? तर हात जोडून म्हणाले, कृपा करा, ह्यांना कुणी सांगू नका. लोक चिडून येतात, ह्यांच्यापुढे अर्धा तास बोलतात, हे मान हलवत बघत राहतात, मधे तोडत नाहीत, उद्या या म्हणत नाहीत. लोक नळाचं विसरून घरचं बोलतात आणि हलके होऊन जातात. दोन जण तर परत आले, नळ दुरुस्त झाल्यावरही.

मी का बोलले नाही विचारशील. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी बोलत असताना ह्यांची नजर वर्तमानपत्रात असायची. आता मी तोंड उघडलं की हातातलं टाकून माझ्याकडे बघतात. दोनदा बोलायला माझं काय जातं?

पण बारक्या, तुझं पत्र आल्यापासून जेवताना पाठ ताठ धरून बसतात, जणू मागे काही ठेवलंय. त्यांना वाजवायचंय. दंतवैद्याला दात काढू दे.

ताई


३१ मार्च

दाजी,

मी गाढव आहे. चष्म्याच्या दुकानात रोज लोकांना 'हे वाचता येतं का' विचारतो आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याला ऐकू येत नाही हे मला एकोणीस वर्षं दिसलं नाही. त्यातून ते कपाट माझंच. तुमच्या मागे मीच ठेवलं, आवाजही मीच चढवला. त्या आतल्या खोलीत जाऊन मी इस्त्रीसकट कपाटाला लाथ मारली. इस्त्री पडली, आमच्या हिने मला सोडलं नाही, आणि कपाटाला काहीच झालं नाही. मला माफ करा म्हणणार होतो, पण त्याने तुमच्या कानांना काय फरक पडणार? म्हणून काम केलंय ते सांगतो.

दंतवैद्यांना नको म्हटलं. ते मास्तरांची दाढ काढून शांतपणे गेले.

कपाट सभागृहात नेलं. व्यवस्थापक लाल दिव्याखाली खुर्ची टाकून बसले. सगळ्यांत कमी आवाजात वाजवलं, वीज गेली. तीन गाद्या गुंडाळल्या, वीज गेली. पालथं घालून मास्तर वर बसले, वीज गेली आणि मास्तर दिव्याबरोबर खाली आले. शेवटी मी व्यवस्थापकांना खरं सांगितलं. (ऑफिसचं आणि ताईचं नाही, घाबरू नका.) मग नियमाचा कागद काढून त्यांनी बोट ठेवलं. तिथे 'रंगमंचावर' असं लिहिलंय. रंगमंचाच्या मागे मोडक्या खुर्च्यांची आणि जुन्या पडद्यांची खोली आहे, तिचं दार हातभर जाड. कपाट आत ठेवलं, दार लावलं, पूर्ण आवाज सोडला. दिवा हिरवाच.

तर असं करू. कपाट त्या खोलीत, तुम्ही कपाटाला पाठ करून तिथेच, तुमचे खरे ड्रम घेऊन. आतून माइक बाहेर जोडू. मी लांब वायर घेऊन रंगमंचावर असेन. रबराचे ड्रम बाहेर रिकामे राहतील, लोकांना काय वाटायचं ते वाटो.

बारक्या


६ एप्रिल

बारक्या,

लाथ मारायची नव्हतीस. अर्धे कान माझ्याच झांजांनी गेलेत, कपाटाला एकट्याला दोष देऊ नकोस.

आयुष्यभर मागे बसलो, आता अडगळीत बसवतोस. कबूल. पण एक अडचण आहे. गाणं संपायला आलं की तू मागे वळून माझ्याकडे बघायचास, मग मी आवरतं घ्यायचो. दार बंद असल्यावर कोण वळणार? लोक घरी जातील आणि मी आत वाजवत बसेन.

दाजी


१० एप्रिल

दाजी,

दाराखालून दोरी. एक टोक तुमच्या डाव्या घोट्याला, दुसरं माझ्या पायाला. एकदा ओढली की गाणं संपवा, दोनदा ओढली की कार्यक्रम. मास्तरांनी लांबी मोजून दिलीय. ताईला सांगा की पाय मुरगळलाय म्हणून बांधलंय.

बारक्या


२३ एप्रिल

बारक्या,

घरी पोचलो. ड्रम माळ्यावर टाकले नाहीत, बाहेरच्या खोलीत मांडून ठेवलेत. ताईने खाली सतरंजी अंथरून दिली.

ती प्रेक्षकांत होती, तिने बाहेरचं सगळं सांगितलं. दुसऱ्या गाण्यात तू रंगमंचावरून गिटार वाजवत वाजवत निघून गेलास. मग लोक मास्तरांकडे बघत बसले. चौथ्या गाण्याला मास्तरही गेले. मग रिकामा रंगमंच, दोन रबरी ड्रम, हिरवा दिवा आणि जोरदार गाणं. कुणी उठलं नाही म्हणे. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला समजावत होता की हल्ली असंच असतं. व्यवस्थापकांनी तिला बाहेर पडताना सांगितलं की इतका शांत रंगमंच त्यांनी आजवर पाहिला नाही, बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं.

आता माझ्याकडून एक कबुली राहिली. दुसऱ्या गाण्यात दोरी मी ओढली, आणि चुकून नव्हे, मुद्दाम ओढली. पाठीवर सगळं ठीक येत होतं. स्वर येत होते, तू कुठे आहेस ते कळत होतं. पण समोर मोडक्या खुर्च्या होत्या. सव्वीस वर्षं समोर तुझी पाठ बघून वाजवलं आणि आता तीही नाही, तेव्हा एकदम फार एकटं वाटलं. तू दार उघडून आलास आणि विचारलंसही नाहीस. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलास, गुडघ्याला गुडघा लावून, आणि पुढचं उचललंस. मास्तर आले ते मध्यंतर झालं समजून, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

एक विचारायचंय. शेवटून दुसऱ्या गाण्यानंतर तू माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणालास. बरंच लांबलचक होतं. खोलीत अंधूक होतं, तुझे ओठ नीट दिसले नाहीत, आणि मला लाज वाटली म्हणून मी खिडकीवर करतो तेच केलं. मान हलवली, "हो" म्हटलं. तेव्हापासून ते मनात घोळतंय. काय म्हणाला होतास?

कार्यक्रम बरा झाला.

दाजी


२८ एप्रिल

दाजी,

मी म्हणालो होतो, "दाजी, संपलं, पाऊण तास झाला. मी मघाशी दोनदा दोरी ओढली, तुमच्या घोट्यावरून ती केव्हाच सुटलीय. लोक जाऊन वीस मिनिटं झाली, मास्तरही घरी गेले, दारात व्यवस्थापक किल्ल्या घेऊन उभे आहेत आणि ताई तिची पर्स घेऊन."

तुम्ही हो म्हणालात आणि पुढचं गाणं सुरू केलंत.

मी ताईकडे बघितलं. तिने व्यवस्थापकांच्या हातातून किल्ल्या घेतल्या आणि दार आतून लावून घेतलं. मग मी उठून कपाटाचा आवाज होता तेवढा सगळा चढवला.

बारक्या